डब्यातली अळी काळी पडली? टाकू नका: परजीवी माश्या ओळखायच्या कशा आणि त्यांची पिल्लं बघायची कशी

पावसाळ्यात घरी फुलपाखरं वाढवणारे आता बरेच जण झालेत. रुईवरून, कढीपत्त्यावरून, लिंबावरून अळ्या आणायच्या, डब्यात रोज ताजी पानं टाकायची आणि कोष झाला की मोबाईल लावून बसायचं. आणि मग एखादा कोष काळा पडतो, फुलपाखरू काही येत नाही, डब्याच्या तळाला दोन-चार पांढरट वळवळणाऱ्या गोष्टी दिसतात, आणि "सडलं वाटतं" म्हणून सगळा डबा कचऱ्यात जातो. मला याचं फार वाईट वाटतं. कारण बहुतेक वेळा तिथे एका माशीच्या आयुष्यातला सगळ्यात बघण्यासारखा भाग चालू असतो आणि तो आपण ओल्या कचऱ्यात टाकून मोकळे होतो.

या माश्यांचं घराणं म्हणजे टॅकिनिड. जगात त्यांच्या साडेआठ हजारांहून जास्त जाती शास्त्रज्ञांनी नोंदवल्यात आणि त्या सगळ्यांची पिल्लं दुसऱ्या कुठल्यातरी किड्याच्या अंगात वाढतात, बहुतेक करून फुलपाखरं-पतंगांच्या अळ्यांमध्ये, काही भुंगेऱ्यांत, काही ढेकणांच्या जातीत, काही नाकतोड्यांत. उवा-गोचीड रक्त पितात पण जनावराला सहसा जिवंत ठेवतात, यांचं तसं नाही, यांचं पिल्लू बाहेर येतं तेव्हा बहुतेक वेळा यजमान किडा मेलेला असतो किंवा मरायला टेकलेला असतो. माणसाला या माश्या चावत नाहीत, घरात जेवणावर बसायला येत नाहीत, त्यामुळे डबा घरात ठेवायला घाबरू नका.

एक आधीच ठरवून घेऊ, नाहीतर पुढे घोळ होईल. फुलपाखरा-पतंगाच्या पिल्लाला मी अळी म्हणणार आणि माशीच्या पिल्लाला मॅगट. कृषीवाले आणि रेशीमवाले तसंच बोलतात.

आधी ती माशीच आहे ना ते बघा

नवीन माणसाची पहिली गडबड इथेच होते. लिंबावरच्या किंवा टोमॅटोवरच्या अळीच्या अंगावर कापसासारख्या पांढऱ्या लहान लहान पुंगळ्या उभ्या चिकटलेल्या दिसतात, लोक म्हणतात अळीने अंडी घातली. अळी कधीच अंडी घालत नाही, ती अजून पिल्लूच असते. त्या पुंगळ्या म्हणजे बारीक परजीवी गांधीलमाश्यांचे कोष, त्यांची पिल्लं अळीच्या आत वाढून बाहेर आली आणि रेशमाचा कोष विणून बसली. त्यातून जे निघेल त्याला चार पंख असतील, लांब मिशा असतील आणि कमर बारीक असेल. बघायला तेही छान आहे, पण तो विषय वेगळा.

खऱ्या माशीला पंख दोनच. मागच्या दोन पंखांच्या जागी बारीक दांडीवर गोळा असलेले दोन अवयव असतात, उडताना तोल सांभाळायला, भिंगातून नीट दिसतात. मिशा एकदम आखूड, तोंडासमोर खाली लोंबणाऱ्या. आणि मॅगट कधीच रेशीम विणत नाही, त्याची स्वतःची कातडीच कडक होऊन लालसर तपकिरी कॅप्सूल बनते, तोच माशीचा कोष. हे एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं: पांढरा किंवा पिवळा विणलेला कोष दिसला तर गांधीलमाशीकडचं, गुळगुळीत तपकिरी कॅप्सूल दिसली तर माशीकडचं.

मोठी माशी ओळखायची कशी

बाहेर फिरताना टॅकिनिड दिसते पण आपण तिला घरमाशी समजून सोडून देतो. राखाडी, काळे पट्टे, साधारण घरमाशीएवढी नाहीतर थोडी मोठी. फरक कुठे बघायचा तर पोटाच्या मागच्या भागावर. टॅकिनिडच्या पोटावर जाड, राठ, उभे केस असतात, लांबूनसुद्धा ती काटेरी वाटते. घरमाशीचं पोट त्या मानाने बोडकं. सगळ्या टॅकिनिड अशा काटेरी नसतात हेही सांगून ठेवते, काही अगदी चकचकीत हिरव्या-निळ्या असतात आणि मग त्या कचऱ्यावरच्या हिरव्या माशीसारख्या दिसतात.

पक्की खूण पाहिजे असेल तर बाजूने बघा. पाठीच्या शेवटी, पंखांच्या मुळांच्या मागे एक त्रिकोणी ढाल असते, ती सगळ्याच माश्यांना असते, पण टॅकिनिडमध्ये तिच्या बरोबर खाली अजून एक फुगीर उशी असते. बाजूने फोटो काढला तर ढालीच्या खाली दुसरा उंचवटा स्पष्ट दिसतो. घरमाशीत आणि मांसमाशीत तो असा फुगलेला नसतो. म्हणून मी नेहमी सांगते, वरून दहा फोटो काढण्यापेक्षा बाजूने एक चांगला काढा.

सगळ्यात जास्त गोंधळ मांसमाशीशी होतो. ती पण राखाडी, ती पण राठ, डोळे विटकरी लाल. तिच्या छातीवर साधारण तीन ठळक काळे पट्टे असतात आणि पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखी चौकट, उजेड बदलला की काळे चौकोन राखाडी होतात आणि राखाडीचे काळे. घरमाशीला छातीवर चार पट्टे असतात, पण रेशीम किड्यांत वाढणाऱ्या उझी माशीलाही, म्हणजे एका टॅकिनिडलाही, चारच असतात, त्यामुळे नुसते पट्टे मोजून कोणी छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पट्टे, केस, ती खालची उशी आणि ती करतेय काय, हे सगळं मिळून ठरवायचं.

करतेय काय हे फार उपयोगाचं आहे. कचऱ्यावर, शेणावर, मेलेल्या उंदरावर बसलेली माशी बहुतेक टॅकिनिड नसते. टॅकिनिड सकाळच्या उन्हात पानांवर भराभर चालताना दिसते, थांबते, वळते, पानाच्या खालून फिरून वर येते, जिथे अळीने पान कुरतडलंय आणि लेंड्या पडल्यात तिथे घुटमळते. आणि खायला फुलांवर येते. शेपू, बडीशेप, कोथिंबीर फुलाला सोडली असेल तर त्या छत्रीसारख्या फुलोऱ्यावर ऊन पडल्यावर तासभर नुसतं उभं राहा, परजीवी माश्या आणि परजीवी गांधीलमाश्या दोन्ही बघायला मिळतील. नवीन माणसाने सुरुवात इथूनच करावी असं माझं मत आहे, कारण फुलावर बसलेली माशी शांत असते आणि फोटो काढू देते.

टॅकिनिड सोडून बाकीच्या परजीवी माश्याही आहेत, थोडक्यात सांगते. मोकळ्या जमिनीवर हवेत एका जागी तरंगणारी, केसाळ, पंखांवर काळी नक्षी असलेली माशी दिसली तर ती बी-फ्लाय, तिची पिल्लं बहुतेक करून जमिनीत बिळं करणाऱ्या एकट्या मधमाश्यांच्या आणि गांधीलमाश्यांच्या घरट्यांत वाढतात, आणि काही जाती बिळाच्या तोंडाजवळ उडता उडताच अंडी झटकून टाकतात. भाताच्या खाचरात अगदी लहान, डोकं म्हणजे जवळजवळ नुसते डोळेच असलेली माशी असते, ती तुडतुड्यांच्या अंगात अंडी घालते. या दोन्ही घरी वाढवून बघणं नवीन माणसाला जमण्यासारखं नाही, म्हणून पुढचं सगळं टॅकिनिडबद्दल.

सामान काय लागतं

फार काही नाही. दहा पटीचं भिंग, मोबाईलला लावायची मॅक्रो लेन्स मिळाली तर उत्तम, मऊ ब्रश, झाकणाचे पारदर्शक प्लास्टिकचे डबे, मच्छरदाणीच्या कापडाचे तुकडे, रबरबँड, टिश्यू पेपर, चाळलेली माती किंवा कोकोपीट, चिकटपट्टीची लेबलं आणि पेन्सिल. पेन्सिलच, कारण ओल्या हाताने पेनची शाई पसरते आणि दोन आठवड्यांनी कुठला डबा कुठला हेच कळत नाही.

अळ्या कुठून आणायच्या

जुलै ते ऑक्टोबर हा महाराष्ट्रात सगळ्यात चांगला काळ. शहरात असाल तर रुई, लिंबू, कढीपत्ता, पानफुटी, बागेतल्या भाजीचे वाफे. गावाकडे मक्यावरची लष्करी अळी, जी भारतात २०१८ साली पहिल्यांदा सापडली आणि लगेच आपल्याकडेही पसरली, तिच्यावर टॅकिनिड मिळतात. सोयाबीनवरची पानं खाणारी अळी आहे, हिवाळ्यात हरभऱ्यावरची घाटेअळी आहे. शेतातून आणताना शेतकऱ्याला विचारा की फवारणी कधी झाली. औषध मारलेल्या शेतातली अळी डब्यात मरते ती औषधाने मरते आणि तुम्ही आठवडाभर माशीची वाट बघत बसता.

अभयारण्यातून, राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय काहीही उचलायचं नाही, आणि फुलपाखरांच्या काही जातींना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे ओळख नसलेली जंगलातली अळी आहे तिथेच राहू द्या. परसातल्या, शेतातल्या, साध्या नेहमीच्या अळ्यांमध्येच भरपूर बघायला मिळतं.

मोठ्या अळ्या घ्या. नुकत्याच अंड्यातून निघालेल्या अळीला अजून माशी भेटलेलीच नसते, कोष करायला आलेल्या अळीने मात्र बाहेर बरेच दिवस काढलेले असतात. आणि एका झाडावरची एकच न घेता पाच-सहा घ्या, कारण सगळ्यांत माशी नसतेच.

अंडं दिसतंय का

आता हे नीट सावकाश करायचं काम आहे. अळी पानासकट तळहातावर घ्या, उन्हाकडे पाठ करा म्हणजे तुमची सावली पडेल आणि चकाकी कमी होईल, आणि भिंगातून डोक्याच्या लगेच मागच्या दोन-तीन वळ्या बघा. तिथे, वळीच्या खाचेत किंवा बाजूला, खसखशीच्या दाण्यापेक्षाही लहान, लांबट, दुधी पांढरं काहीतरी चिकटलेलं असेल. वरून फुगीर, खालून सपाट, कातडीला घट्ट. ब्रशने हलकेच ढकललं तर हलत नाही, धूळ किंवा परागकण असेल तर लगेच सरकतं. डोक्याच्या मागेच बऱ्याचदा सापडतं कारण तिथे अळीचा जबडा पोचत नाही. अंगाच्या मध्यावर असेल तर अळी मान वळवून ते कुरतडायला बघते, पण मानेवरचं तिला काढता येत नाही.

एखादं अंडं असेल किंवा तीन-चार असतील, जास्त अंडी म्हणजे जास्त माश्या असं नाही. आतमध्ये जागा आणि खाणं मर्यादित असतं. शिवाय अंडं फुटायच्या आधी अळीने कात टाकली तर अंडं कातेबरोबरच गळून पडतं आणि अळी सुटते. म्हणून अंडं दिसलेल्या अळीची कात सापडली तर ती पण भिंगाखाली घ्या, अंडं तिच्यावर आहे का, आणि असलं तर त्याला भोक आहे का ते बघा.

अंडं दिसलं नाही म्हणजे माशी नाही असंही नाही हो. बऱ्याच टॅकिनिड अंगावर अंडं चिकटवतच नाहीत. काही जाती डोळ्याला दिसणार नाहीत इतकी बारीक अंडी पानावर टाकतात, अळी पान खाते, अंडं पोटात जातं आणि तिथे फुटतं. काही जाती सरळ जिवंत पिल्लूच अळीवर किंवा अळीच्या वाटेवर सोडतात. घरी जाळीत बंद ठेवलेल्या अळीत माशी कशी आली हा प्रश्न लोक नेहमी विचारतात, त्याचं एक उत्तर हे आहे, ती तुम्ही बाहेरून आणलेल्या पानावरून आली. एवढ्यासाठी पानं कुठल्या झाडावरून आणली तेही वहीत लिहा.

डबा लावायचा कसा

एका डब्यात एकच अळी, हा नियम मोडू नका. घाटेअळी आणि लष्करी अळी एकमेकींना खातात हे एक, आणि दोन अळ्यांच्या डब्यात मॅगट निघाले तर ते कोणाचे हे कधीच कळत नाही हे दुसरं. तळाला बोटाच्या एका पेराएवढी चाळलेली माती किंवा कोकोपीट, मुठीत दाबली तर गोळा व्हावा पण पाणी निथळू नये इतकी ओली. त्यावर टिश्यू, टिश्यूवर पान आणि अळी. तोंडाला झाकण नको, मच्छरदाणीचं कापड दुहेरी करून रबरबँड. घट्ट झाकण लावलं की पावसाळ्यात आत घाम धरतो, बुरशी येते आणि अळी माशीच्या आधी बुरशीने जाते. रोज सकाळी टिश्यू बदला, लेंड्या काढा, ताजं पान द्या. उन्हात ठेवू नका, फ्रीजवर ठेवू नका, मुंग्या येत असतील तर डबा पाण्याच्या ताटलीत ठेवा.

लेबलवर तारीख, गाव, झाड, अळीची जात माहीत असेल तर ती, अंडी दिसली का आणि कुठे. एवढं पुरे.

उझी माशीवरून दिवसांचा अंदाज

किती दिवस लागतात हा प्रश्न येतोच. त्याचा अंदाज घ्यायला आपल्याकडे एक फार चांगलं अभ्यासलेलं उदाहरण आहे, रेशीम किड्यांवरची उझी माशी. जालना, बीडकडे तुतीवर रेशीम घेणाऱ्या कोणालाही विचारा, नाव काढलं की चेहरा पडतो. ही माशी पश्चिम बंगालमध्ये आधीपासून होती, १९८० साली ती कर्नाटकात पोचली आणि तिथून दक्षिणेकडच्या रेशीम पट्ट्यात तिने जम बसवला. पूर्व विदर्भात गडचिरोली-भंडाऱ्याकडे ऐन-अर्जुनाच्या झाडांवर टसर जातीचं रेशीम घेतात, तिथली उझी वेगळ्या जातीची, पण धंदा तोच.

तुतीच्या रेशीम किड्यावरची उझी साधारण सेंटीमीटरभर लांब, काळपट राखाडी, छातीवर चार काळे पट्टे, पोट मागे निमुळतं. मादी किड्याच्या अंगावर एखाद-दुसरं अंडं ठेवते आणि पुढच्या किड्याकडे जाते, असं करत आयुष्यात काहीशे अंडी घालते. अंडं दोन-तीन दिवसांत फुटतं. मॅगट कातडी भेदून आत शिरतो आणि शिरल्या जागी काळा डाग उठतो. आत पाच ते आठ दिवस. मग बाहेर येऊन जमिनीत, भेगेत, रॅकच्या फटीत जाऊन कोष, आणि दहा-बारा दिवसांनी माशी. थंडीत हे सगळं लांबतं. तुमच्या डब्यातली जात वेगळी असेल, दिवस थोडे इकडेतिकडे होतील, पण मोजायला ही फूटपट्टी चांगली आहे.

त्या काळ्या डागाबद्दल अजून सांगायलाच पाहिजे. अळीच्या अंगात काही परकं शिरलं की तिचं शरीर त्याच्याभोवती काळपट आवरण तयार करून ते कोंडायला बघतं, तिचा तो बचाव असतो. मॅगट करतो काय, तर त्याच आवरणाची नळी वापरतो. त्याचं शेपटाकडचं टोक, जिथे त्याची श्वासाची भोकं असतात, ते त्या नळीत ठेवून बाहेरची हवा घेतो आणि तोंडाकडून आतलं खात राहतो. म्हणजे अळी ज्याने त्याला मारायला निघाली त्यातूनच तो श्वास घेतो. हे मला अजूनही थक्क करतं, आणि हे सगळं साध्या दहा पटीच्या भिंगाखाली रेशीम किड्याच्या पांढऱ्या अंगावर दिसतं.

रेशीमवाल्यांचं नुकसान कुठे होतं तर लवकर माशी लागलेला किडा कोषच करत नाही, आणि उशिरा लागलेला कोष करतो पण मॅगट तो भोक पाडून बाहेर येतो, मग त्या कोषाचा धागा सलग निघत नाही आणि त्याला भाव नाही. तुमची ओळख असेल तर एखाद्या रेशीम शेडवरून डाग पडलेले चार किडे मागून घ्या, शिकायला याच्याइतकं सोपं काही नाही. पण त्यातून निघालेली एकही माशी बाहेर सोडायची नाही, मॅगट किंवा कोष बघून झाले की साबणाच्या पाण्यात. शेडला जाळी, दुहेरी दार, जमिनीतल्या भेगा बुजवणं, पडलेले मॅगट रोज वेचणं हे तिथल्या लोकांचं रोजचं काम असतं आणि आपल्या हौसेपायी त्यात भर टाकायची नाही.

रोज काय बघायचं

पहिले काही दिवस काहीच वेगळं दिसत नाही, अळी खाते, वाढते. नंतरची लक्षणं अशी की खाणं मंदावतं, लेंड्या कमी आणि ओलसर होतात, ब्रश लावला तर आधीसारखी झटकन वळत नाही, अंगावर एखादा काळा डाग, कधी कातडीखाली काहीतरी सरकल्यासारखं वाटतं. बरोबरच्या अळ्या कोषात गेल्या आणि ही एकटीच मागे राहिली तर तिच्याकडे जास्त लक्ष द्या. काही टॅकिनिड अळीला कोष करू देतात आणि कोषातून निघतात. फुलपाखराचा चांगला कोष शेवटी पारदर्शक होतो आणि आत पंखांची नक्षी दिसते, माशी असलेला कोष आधीच ठिकठिकाणी तपकिरी-काळा पडतो, आत पंख दिसत नाहीत, हात लावला तर हलत नाही.

मॅगट बाहेर येताना बघायला मिळणं नशिबाचा भाग आहे, पण अळी पूर्ण थांबली की दिवसातून तीन-चार वेळा डोकावत राहा. कातडीला फट पडते, निमुळतं टोक बाहेर येतं, अंग आखडून-ताणून तो स्वतःला ओढून काढतो आणि लगेच खाली. काही जाती कोषातून निघताना चिकट पांढऱ्या धाग्यासारख्या स्रावावरून खाली उतरतात, कोषाखाली असा धागा लोंबताना दिसला तर ती खूण समजा.

खाली पडलेला मॅगट मातीत शिरायला बघतो. त्याला पाच मिनिटं पांढऱ्या ताटलीत घ्या आणि बघा. डोकं नाही, पाय नाहीत, डोळे नाहीत. निमुळत्या टोकाला कातडीतून आत काळे आकडे दिसतात, मागेपुढे होणारे, ते त्याचं तोंड. दुसरं टोक बोथट, त्यावर दोन गडद टिकल्या, ती श्वासाची भोकं. त्या टिकल्यांचा आकार आणि त्यावरच्या फटी जातीनुसार बदलतात, तज्ज्ञ माणसं ओळखायला त्या वापरतात, म्हणून मॅक्रो लेन्स असेल तर मागून एक फोटो नक्की घ्या. मग त्याला मातीवर सोडा, तो आपण होऊन खाली जाईल. काही तासांत, फार तर दिवसभरात तो आखूड होतो, कातडी ताठ होते, रंग पिवळट, मग विटकरी, मग तपकिरी.

एक सावधगिरी. अळी दुसऱ्याच कारणाने मेली आणि दोन दिवस डब्यात पडून राहिली तर तिच्यावर फोरिड नावाच्या बारीक, पाठीला कुबड असलेल्या माश्या येतात, त्या मच्छरदाणीच्या भोकातूनही शिरतात. त्यांचे मॅगट खूप असतात, अगदी लहान असतात आणि मेलेल्या अळीच्या बाहेरही वळवळतात, कोषाला पुढे दोन बारीक शिंगं असतात. टॅकिनिडचा कोष मोठा, गोलसर, बिनशिंगाचा, आणि अळीच्या मानाने एक-दोन किंवा थोडेच असतात. दुर्गंधी आधी आणि मॅगट नंतर दिसले तर बहुतेक वेळा ते आयतं खायला आलेले असतात.

कोष ते माशी

कोष ब्रशने उचलून वेगळ्या लहान डबीत, ओलसर टिश्यूवर किंवा मातीच्या पातळ थरावर ठेवा. कोरडे पडले तर माशी आतच मरते, फार ओले झाले तर बुरशी. एक दिवसाआड टिश्यूच्या कोपऱ्यावर पाण्याचे दोन थेंब. डबीत बारीक फांदी किंवा खरखरीत कागदाचा तुकडा उभा ठेवा, नवीन माशीला पंख पसरायला चढावं लागतं, गुळगुळीत डबीत ती घसरते आणि पंख चुरगळलेलेच वाळतात.

माशी बहुतेक सकाळी निघते. कोषाच्या एका टोकाची टोपी उचकटते, आणि त्या फटीतून आधी डोकं दिसतं, पण ते डोकं विचित्र दिसतं कारण कपाळाच्या मध्यातून एक पांढरट पिशवी बाहेर फुगलेली असते. ती पिशवी फुगते, आत जाते, पुन्हा फुगते, तिच्याच जोराने माशी टोपी ढकलते आणि माती बाजूला सारून वर येते. वर आल्यावर पिशवी कायमची आत जाते आणि मिशांच्या वर फक्त कमानीसारखी एक खाच राहते, ती आयुष्यभर दिसते. त्या वेळी माशी फिकट राखाडी, मऊ, पंख घडी घातलेले आणि ती वेड्यासारखी पळत असते. लगेच फोटो काढून ओळख विचारू नका, रंग आणि पट्टे नीट दिसायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी काढा.

दोन-तीन आठवडे झाले तरी काही निघालं नाही तर टाकून देऊ नका, थंडीत काही जाती कोषातच थांबून राहतात. आणि कोषाला टोपी न निघता बाजूला बारीक गोल भोक पडून त्यातून इवल्याशा गांधीलमाश्या निघाल्या तर तीही मोठी नोंद आहे, माशीच्या पोटावर दुसरं कोणीतरी जगत होतं. उझीच्या कोषांवर अंडी घालणारी अशीच एक बारीक गांधीलमाशी रेशीम शेडमध्ये मुद्दाम सोडतात.

नोंद आणि ओळख

चार फोटो हवेत: वरून, बाजूने, चेहरा समोरून आणि पंख पसरलेला, कारण पंखातली एक शीर टोकाजवळ पुढे कोनात वळते की नाही हे बघावं लागतं. सोबत अळीचा, कोषाचा आणि झाडाचा फोटो. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर टाकताना "अमुक अळीतून निघाली" हे पहिल्या ओळीत लिहा. नुसत्या फोटोवरून टॅकिनिडची जात सांगणं तज्ज्ञांनाही अवघड जातं, घराण्यापर्यंत पोचलात तरी उत्तम समजा, पण ती कशातून निघाली हे माहीत असलेली माशी नुसत्या पकडलेल्या माशीपेक्षा कितीतरी जास्त उपयोगाची असते. यजमान, झाड, गाव आणि तारीख असलेली अशी नोंद घरातल्या डब्यातून होऊ शकते, तिला प्रयोगशाळा लागत नाही.

एखादी माशी आपोआप मेली तर तीच, तिचा रिकामा कोष आणि अळीची उरलेली कातडी एकाच डबीत, एकाच लेबलखाली, कोरडी करून ठेवा, वेगळी करू नका. पुण्याला आकुर्डीत झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं केंद्र आहे, बंगळुरूला कृषी कीटकांची राष्ट्रीय संस्था आहे, जवळच्या कृषी विद्यापीठात कीटकशास्त्र विभाग असतो, अशा ठिकाणी दाखवायची वेळ आली तर यजमानासकट जपलेला नमुना लागतो.

उझी सोडून बाकीच्या माश्या जिथून अळी आणली तिथेच नेऊन सोडा, सकाळी, शक्यतो फुलं असतील तिथे. शेतकरी असाल तर मका-सोयाबीनमधल्या अळ्या वेचताना मानेवर पांढरं अंडं असलेल्या अळ्या चिरडू नका, वेगळ्या डब्यांत ठेवा, रोज थोडी पानं टाका. पतंग निघाला तर मारा, माशी निघाली तर बांधावर सोडा, आणि बांधाला शेपू-बडीशेपेची एखादी ओळ फुलाला राहू द्या, म्हणजे तिला खायला लांब जावं लागणार नाही.